बाबासाहेबांचा वेश घ्यायचा, तर पायांत बूटही हवेत

पावसाळा सरत आला की मिरजेतल्या आपल्या वस्त्यांमध्ये साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनची बोलणी सुरू होतात. कुणाची नोंदणी झाली, कुणाची राहिली, आदल्या दिवशी कुठली गाडी पकडायची, रात्री कुणाच्या पाहुण्यांकडे उतरायचं. आम्हाला या बोलण्याचा आनंद आहे. जिथं अंगमेहनत म्हणजे हमाली, गवंड्याच्या हाताखालचं काम आणि चार घरची धुणीभांडी एवढाच अर्थ होता, तिथली पोरं-पोरी आता पहाटे उठून मालगाव रोडला, पंढरपूर रोडला स्वतःच्या शरीरासाठी पळताना दिसतात. त्यांना कुणी हसू नये. घरच्यांनी तर नाहीच नाही.

पण अलीकडे यात एक नवी हौस शिरली आहे, आणि या पानावर तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अनवाणी पळायचं आणि वेश करून पळायचं. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये ड्रीम रनला लोक नाना सोंगं घेऊन येतात, त्यांचे फोटो छापून येतात. ते बघून आपल्याही पोरांना वाटतं, आपण बाबासाहेबांच्या वेशात पळावं. निळा कोट, लाल टाय, गोल चष्मा, काखेत संविधान. आणि पाय उघडे, कारण अनवाणी पळणाऱ्याचा फोटो हमखास येतो!

आमचं मत असं. साताऱ्याला जरूर जा, पळा, वेश करायचा असेल तर तोही बेतानं करा. पण उघड्या पायांनी घाटातले एकवीस किलोमीटर पळू नका. आणि बाबासाहेबांचा वेश करून तर मुळीच नको. याला एक कारण शरीराचं आहे, दुसरं इतिहासाचं. इतिहासाचं आधी सांगतो, कारण तो याच रेल्वेमार्गावर घडला आहे.

मिरजेहून साताऱ्याला रेल्वेनं जाताना कराड गेलं की मसूर स्टेशन लागतं. गाडी तिथं थांबली तर खिडकीतून नीट बघून घ्या. १९०१ साली लहान भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याच्या बाजूनं याच स्टेशनवर येऊन उतरले होते. वडील रामजी तेव्हा कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुलं सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. या प्रवासासाठी मुलांना काय काय घेतलं होतं, ते बाबासाहेबांनी पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आवर्जून नोंदवलं आहे. नवे शर्ट होते, चकचकीत टोप्या होत्या, रेशीमकाठी धोतरं होती आणि नवे बूट होते. कपड्यांवरून स्टेशन मास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली. जात कळली तसा तो मागं सरला. मग एकही गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळालं नाही.

इतक्या वर्षांनंतर लिहिताना त्यांनी बूट विसरले नाहीत, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. महाराच्या घरातल्या मुलाच्या पायात नवे बूट असणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. कितीतरी गावांत आपल्या माणसांना पाटलाच्या वाड्यापुढून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. आपल्या वस्तीतल्या ऐंशी पार केलेल्या कुठल्याही आजीला विचारा, ती तुम्हाला गावाचं नाव घेऊन सांगेल. उघडा पाय ही आपल्या घराण्यात हौस नव्हती, ती सक्ती होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायाबापड्यांना सांगितलं ते हेच की, लुगडं नेसण्याची जी पद्धत आणि जे दागिने तुमची जात लांबून ओळखू देतात, ते टाकून द्या. बायकांनी ते ऐकलं आणि लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. अपमानाची खूण अंगावर मिरवायची नाही, ती उतरवून ठेवायची, ही त्यांची शिकवण. देशभरच्या चौकाचौकात बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे. सुटाबुटात उभा आहे. त्या वेशातले बूट तेवढे काढून टाकले तर तो वेश बाबासाहेबांचा राहत नाही.

काही पोरं यावर सांगतात की, आम्ही फोटोसाठी नाही, पूर्वजांचे हाल आठवावेत म्हणून अनवाणी पळतो. ही भावना खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. तिचा मान राखून एवढंच म्हणतो, की आठवण ठेवायला विहाराभोवती अनवाणी एक फेरी पुरे आहे. घाटात पाय फाडून घेतल्यानं आज्याचे हाल कमी होत नाहीत, आणि सोमवारी कामावर खाडा होतो तो वेगळाच. एका आजींनी अशा एका पोराला विचारलं होतं, “लेकरा, चप्पल हाय न्हवं तुझ्याकडं? मग काढून का पळतूस?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

अनवाणी पळण्याचं कौतुक करणारे नेहमी अबेबे बिकिलाचं नाव घेतात. इथिओपियाच्या या धावपटूनं १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये उघड्या पायांनी मॅरेथॉन जिंकली, वेळ २ तास १५ मिनिटं १६ सेकंद. खरं आहे. पण गोष्ट तिथंच तोडतात. त्याला दिलेले बूट पायाला नीट बसत नव्हते आणि अनवाणी पळण्याचा त्याचा सराव होता, म्हणून तो तसा पळाला. चार वर्षांनी टोकियोला हाच बिकिला बूट घालून पळाला, पुन्हा सोनं जिंकलं आणि वेळ लागला २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. रस्ता वेगळा होता, तरी तीन मिनिटं कमी लागली हे विसरू नये. उघड्या पायांचा फोटो जगभर गेला, बुटांचा फारसा कुणाला आठवत नाही.

आपल्या बाजूचंच उदाहरण घ्या. मिरजेहून खाली गेलेल्या रेल्वेवरच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. त्या आधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकरी पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार तिथून सुरू झाला. त्या पोरांच्या पायात काही नव्हतं, याचं कारण उघड आहे. त्यांच्यात दम होता, तो पायात काही नसल्यामुळं आला नव्हता.

आता शरीराचं बोलू. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळपास शंभर मीटर. साध्या माणसाची पळताना एक ढांग मीटरभराची किंवा त्याहून कमी पडते. म्हणजे वीस हजारांहून जास्त वेळा पाय जमिनीवर आपटणार. दर वेळी शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्या एका पायावर येतो. साठ किलोच्या माणसाचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. साताऱ्याच्या शर्यतीत शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जायचं असतं आणि परत तोच घाट उतरायचा असतो. लोकांना चढाची भीती वाटते, खरा घात उतार करतो. उतारावर प्रत्येक पावलाला शरीर ब्रेक लावतं, आणि तो ब्रेक गुडघे, मांडीचे स्नायू आणि तळपाय यांच्यावर येतो. त्यात पावसाचे दिवस. रस्ता ओला, कडेला शेवाळ, खडी निघालेली.

लहानपणापासून अनवाणी पळणाऱ्यांची पळण्याची ढब वेगळी असते, हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लीबरमन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं. अशी माणसं टाच न आपटता पायाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात आणि टाचेला बसणारा दणका टळतो. हे ऐकून पुष्कळ जणांनी बूट फेकले. पण तो भार नाहीसा होत नाही, तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि पंजाच्या लांब हाडांवर सरकतो. वर्षानुवर्षांची सवय असेल तर ही अंगं तो झेलतात. सवय नसेल तर पोटरी भरते, शीर सुजते, आणि पंजाच्या हाडाला केसाएवढी बारीक चीर पडू शकते. ही चीर सुरुवातीला एक्स-रेतही पुष्कळदा दिसत नाही. माणूस ‘मुरगळला असेल’ म्हणून कामावर जात राहतो आणि दुखणं दोन-तीन महिने पुरतं. रोजंदारीवर असलेल्या घराला दोन महिने परवडणार आहेत का, हा प्रश्न शर्यतीआधी विचारायचा आहे.

बाकीचे धोके आपल्याला ठाऊक आहेत, पण ठाऊक असून दुर्लक्ष होतं. काच, खिळा, तारेचा तुकडा. जखम लहान असली तरी धनुर्वाताची भीती मोठी, आणि मोठ्या माणसांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सहसा आठवत नाही. दर दहा वर्षांनी ते पुन्हा घ्यायचं असतं. उंदीर आणि जनावरांच्या लघवीनं दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तळव्याच्या चिरेवाटे लेप्टोचा ताप शिरतो. शेणामातीच्या ओल्या जमिनीतून हुकवर्म नावाचा जंत उघड्या पायांतून आत जातो, आतड्यात राहून रक्त शोषतो आणि माणूस पांढराफटक पडतो. आपल्या बाया-मुलींमध्ये आधीच रक्त कमी. सरावाला येणाऱ्या मुलीला चढावर इतरांपेक्षा लवकर धाप लागत असेल, तर तिला आळशी म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन बघा.

आणखी एक, आपल्या समाजानं विशेष लक्षात ठेवण्याचं. विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो, आणि लग्नसंबंधांनी आता तिकडची-इकडची घरं जोडली गेली आहेत. ज्याला सिकलसेलचा आजार आहे, त्यानं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अशा शर्यतीत उतरू नये. जो नुसता वाहक आहे तो पळू शकतो. पण त्यानं हळूहळू सराव वाढवावा, पाणी कमी पडू देऊ नये, आणि पळताना स्नायू एकदम कमजोर पडले किंवा फार दुखू लागले तर जिद्द न करता तिथंच थांबावं आणि मदत मागावी. घरात कुणाला सिकलसेल असेल तर आपलं रक्त तपासून घ्यायला लाजू नका.

आणि मधुमेह. मिरजेला आपण दवाखान्यांचं गाव म्हणतो. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं काम सुरू केलं तेव्हापासून महाराष्ट्र आणि कर्नाटकातून आजारी माणसं इथं येतात. इथल्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयामुळं बधिर पाय म्हणजे काय, हे या गावाला इतर गावांपेक्षा जास्त कळायला हवं. कुष्ठरोगात पायाची जाणीव जाते. खडा टोचतो, कळत नाही. जखम होते, कळत नाही. ती चिघळते आणि बोटं जातात. जुन्या मधुमेहातही अगदी हेच होतं, फक्त त्याला कुणी नावं ठेवत नाही म्हणून भीती वाटत नाही. अशा पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, ती घरातसुद्धा घालायची असते. अशा माणसानं अनवाणी विहाराच्या पायऱ्या चढणंही सांभाळून करावं, शर्यतीची तर गोष्टच सोडा.

पायाची जाणीव शाबूत आहे का, हे घरी बघता येतं. माणसाला निजवून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागी आपल्या बोटाच्या टोकानं अगदी हलकेच, क्षण-दोन क्षण स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. स्पर्श जाणवला की त्यानं उजवा की डावा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर जाणीव कमी झाली आहे असं समजून डॉक्टरांकडे जा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही. चाळिशीच्या पुढचे जे बापमाणूस पोरांबरोबर उत्साहानं साताऱ्याला निघतात, त्यांनी हे आधी करावं, आणि हृदयाची, रक्तदाबाची तपासणीही करून घ्यावी.

पायांचा विषय निघाला तर धम्मातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विनयपिटकातल्या महावग्गात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा आहे. श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा हा तरुण साधनेत इतका हट्टाला पेटला की येरझारा घालून त्याचे तळवे फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्तानं भरली. बुद्धांनी त्याची पाठ थोपटली नाही. वीणेची तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही, हे त्याला त्याच्याच वीणावादनावरून समजावलं, आणि पादत्राण वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, संघाला मिळणार असेल तर घेईन. मग साऱ्या संघाला एका तळाच्या चपलेची मुभा मिळाली.

सोणाचं ते उत्तर आठवतं ते बारामतीच्या लता भगवान करे यांच्या गोष्टीमुळं. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या माउलीनं २०१३ साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी नेसून, उघड्या पायांनी धाव घेतली आणि पहिला नंबर काढला. नवऱ्याच्या तपासण्यांना, उपचाराला पैसे नव्हते, बक्षिसाची रक्कम हवी होती. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यांच्या हिमतीपुढं आम्ही मान तुकवतो.

पण त्यांची नऊवारी हा वेश नव्हता. ते त्यांचं रोजचं नेसणं होतं. उघडे पाय ही त्यांची शैली नव्हती. आज काही जण त्यांच्यासारखी नऊवारी नेसून, पायातले चांगले बूट काढून ठेवून शर्यतीत येतात आणि त्याला प्रेरणा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. त्या बाईची आठवण ठेवायची तर प्रश्न वेगळा विचारायला हवा. नवऱ्याच्या तपासणीसाठी साठीतल्या मजूर बाईला बक्षिसासाठी पळावं का लागलं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी. दाखल न होता करायच्या तपासणीचा खर्च बऱ्याचदा आजही खिशातूनच जातो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्याला जवळ आहे, ही आपली सोय. खाजगीत कर्ज काढून तपासणी करण्याआधी तिथं आणि योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करायची सवय प्रत्येक घराला लागायला हवी. शर्यतीत फलकच धरायचा असेल तर मोफत तपासणीच्या मागणीचा धरा, आम्ही स्वतः रस्त्याकडेला टाळ्या वाजवायला उभे राहू.

राहिला वेश. कोट आणि टाय घालून घाट चढणं म्हणजे अंगावर भट्टी बांधून घेणं. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होतं, आणि जाड कपडा, मुखवटा, तोंडावरचा रंग हे तो वाळू देत नाहीत. पावसात भिजलेला कोट जड होतो आणि काखेत, मांड्यांमध्ये कातडी सोलून काढतो. वेश करायचाच असेल तर पातळ निळी बंडी, छातीवर अशोकचक्र किंवा संविधानाच्या उद्देशिकेचं चित्र, एवढं बास. कोट पळून झाल्यावर फोटोपुरता घाला. आणि विहाराच्या वर्गणीतून कोटाचं भाडं द्यायला पैसे निघतात, बुटाला निघत नाहीत, हा प्रकार थांबवा. महागडं नाव लागत नाही. पुढं अंगठ्याएवढी जागा राहील असा, टाच न हलणारा, पळण्यासाठी केलेला जोड हवा. संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरानं पाय थोडा फुगतो. शर्यतीच्या दिवशी कोरा घालू नये, महिनाभर आधी वापरून अंगवळणी पाडावा. ज्याला अनवाणी पळण्याची खरीच गोडी आहे, त्यानं मऊ मैदानावर पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून कित्येक महिन्यांत वाढवत न्यावं, आणि तरीही घाटात बूट घालावेत.

साताऱ्याला आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, तिथून गावात यायला वेळ धरा. प्रतापसिंह हायस्कूल बघून या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव याच शाळेत दाखल झालं. पण दिवसभर पायपीट करू नका. रात्री नेहमीचं जेवण जेवा, नवीन ठिकाणी नवीन काही खाऊ नका. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे प्रमाण मोडू नका, आणि तहान नसताना नुसतं पाणी ढोसत राहू नका, त्यानंही चक्कर येते. छातीत दाबल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं अंधारलं, घाम एकदम थांबला, तर पदकाचा विचार सोडून रस्त्याकडेच्या वैद्यकीय पथकाकडे जा.

नोंदणी केलेल्या सगळ्यांनी आपापल्या विहारात एक रविवार ठरवून एकमेकांचे पाय तपासावेत. तळवे, बोटांमधल्या जागा, नखं, आणि वर सांगितलेली स्पर्शाची चाचणी. आई-वडिलांनाही सोबत आणा. त्या दिवशी चपला बाहेर काढून बसायला आमची काही हरकत नाही.